बगळा आधी बोलला की नंतर

पद्माकर भोजे हा मनुष्य लोकांच्या दाराबाहेर उभं राहण्यासाठीच जन्माला आला असावा, असं माझं बरीच वर्षं मत होतं.

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या इमारतीत माझं दार आणि नयना पोतनीसचं दार समोरासमोर आहे. माझं दार दिवसभर उघडं. लोक म्हणतात, अक्काला भानगडी ऐकायच्या असतात. साफ खोटं. मला वारा लागतो. आता वाऱ्याबरोबर चार शब्द आत आले, तर त्यांना काय चहापाणी न करता परत पाठवायचं?

तर दर गुरुवारी सकाळी खाली स्कूटर थांबायची. मग जिन्यावर चपला वाजायच्या, सावकाश, प्रत्येक पायरी तपासून पुढची घेतल्यासारख्या. मग घंटी. घंटी वाजवून पद्माकर दोन पावलं मागे सरकायचा, हातात कापडी पिशवी. नयना दार उघडायची.

"बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बरा आहे."

हा नवी पिशवी द्यायचा, माझ्याकडची जुनी घ्यायचा, आणि खाली उतरायचा. उतरताना जिन्याच्या वळणावर थांबून चष्मा पुसायचा. इतका पुसायचा, इतका पुसायचा, की त्या काचेचा नंबर कमी झाला असेल. हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला होता. माझं लग्न याहून कमी वेळात ठरलं, झालं आणि मोडतामोडता राहिलंसुद्धा.

त्या पिशवीत काय असायचं ते सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. दिवाळी अंक. आम्ही इथली काही मराठी घरं मिळून पुण्याहून अंक मागवतो. एकट्याला सगळे घेणं परवडत नाही, आणि परवडलं तरी वाचून कुणाचे होतात? म्हणून अंक पिशव्यांत वाटायचे आणि पिशव्या घरोघर फिरवायच्या. एका घरात एक आठवडा, मग ठरलेल्या पुढच्या घरी. दिवाळीत सुरू झालेली ही पालखी संक्रांत ओलांडून जाते. पिशव्या पोचवायचं काम पद्माकरचं, कारण त्याच्याकडे स्कूटर आहे आणि नाही म्हणायची अक्कल नाही. आणि नियम करायचं काम नयनाचं, कारण ते तिच्याशिवाय कुणाला येतच नाही.

नयनानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. आधी वडिलांचं आजारपण, मग भावंडांची शिक्षणं, आणि सगळं उरकून मान वर केली तर विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिचे नियम ऐका. पान दुमडू नये. अंक जेवताना वाचू नये. शब्दकोडं सोडवू नये, कारण आपल्यामागून वाचणाऱ्यालाही डोकं असतं. एका वर्षी कुणीतरी पेन्सिलीनं तीन आडवे शब्द भरले, तर हिनं अक्षरावरून माणूस शोधून काढला. आणि सर्वांत कडक नियम असा, की पिशवीत आलेलं सगळं वाचायचं. आवडो न आवडो. न वाचता मत द्यायचं नाही.

पद्माकर मूळचा निपाणीकडचा. तरुणपणी नोकरीसाठी इथं आला तो इथलाच झाला. सरकारी रडारच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू उलटून पालटून बघायची आणि शंभर टक्के खात्री पटल्याशिवाय पुढे सोडायची नाही. नोकरीत ही सवय चांगली. पण घरी येऊन माणूस स्वतःचं प्रत्येक वाक्यही असंच तपासायला लागला, आणि त्याची बहुतेक वाक्यं तपासणीतच अडकली. बायको बिचारी बोलकी होती, दोघांचं ती एकटी बोलायची. ती गेली आणि हनुमंतनगरच्या त्या घरात फक्त कुकरची शिट्टी बोलायला उरली.

यंदा दिवाळीनंतर बातमी आली, की पद्माकरचा मुलगा आशय संक्रांतीला येणार आणि बापाला कायमचा पुण्याला घेऊन जाणार. मुलगा वाईट नाही हो. एकटा बाप परक्या गावात कसा राहील, ही त्याची काळजी. परकं गाव! ज्या गावात माणसाचे केस पांढरे झाले ते परकं, आणि ज्या सोसायटीत लिफ्टचं बटण सापडत नाही ते आपलं.

बातमी ऐकल्यापासून मी पद्माकरवर नजर ठेवून होते. संक्रांत जवळ येत होती, आणि हा गुरुवारी येतो काय, बरा आहे म्हणतो काय, जातो काय! एकदा मी जिन्यात गाठलंच.

"पद्माकर, पुण्याला जाणार म्हणे?"

"आशय म्हणतोय."

"तू काय म्हणतोयस?"

"विचार चाललाय, अक्का."

"तुझा विचार पुरा होईस्तोवर संक्रांत होऊन शिमगा येईल. इथं कुणाला काही सांगायचं राहिलंय का?"

तो लाल झाला. सत्तरीला टेकलेला मनुष्य, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. मग म्हणाला, "पुढच्या गुरुवारी बघू."

आणि नेमक्या त्या गुरुवारच्या आधी तो बगळा मध्ये कडमडला.

त्याचं असं झालं. पद्माकरची पुतणी शमिका इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला आहे, एचएसआर लेआउटमध्ये मैत्रिणींबरोबर राहते. पुण्याहून नवी आलेली, अर्धं मराठी बोलते आणि उरलेलं हातवारे करून. रविवारी काकाकडे वरणभात खायला येते. एका रविवारी ती आपलं पुस्तक सोफ्यावर विसरून गेली. जपानी चित्रकथा, इंग्रजीत केलेली. एका मोठ्या मालिकेचा नववा भाग. पद्माकरनं दुसऱ्या घरून आलेले अंक त्याच सोफ्यावर ठेवले होते. पिशवी भरताना चष्मा कपाळावर होता. रंगीत मुखपृष्ठ दिसलं, वर बाईचं चित्र दिसलं; दिवाळी अंकावर दुसरं काय असतं? गेलं पिशवीत. जन्मभर तपासणी केलेल्या माणसानं आयुष्यात एकच वस्तू न बघता पुढे सोडली, ती ही.

पिशवी नयनाकडे आली. तिनं पुस्तक उलटंसुलटं केलं, नाक मुरडलं. पण नियम तिनंच केलेला. पिशवीत आलेलं सगळं वाचायचं. तिनं चष्मा लावला आणि वाचलं. आपण वाचतो तसं, डावीकडून.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हे जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. जिथं आपलं पुस्तक संपतं तिथं त्याचं पहिलं पान. डावीकडून उघडणाऱ्या अडाण्यांसाठी तिथं मोठ्या अक्षरात सूचना छापलेली असते, की थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं आला आहात. नयनानं ती सूचना वाचली. मला नंतर म्हणाली, "अक्का, पुस्तक कुठून वाचायचं ते मला पुस्तकानं शिकवायचं?" आणि पान उलटलं.

गोष्ट अशी. एक राज्य, तिथं सदा पाऊस. एक मुलगी छत्र्या दुरुस्त करते. तिचं नाव माझ्या कवळीला झेपत नाही, आपण छत्रीवाली म्हणू. आणि एक राजपुत्र, शाप लागलेला. दिवसा बगळा, संध्याकाळी मनुष्य. दोघांचं एकमेकांवर प्रेम. आता आधीचे आठ भाग आमच्यापैकी कुणी वाचलेले नाहीत, त्यामुळे शाप कुणी दिला, का दिला, ते विचारू नका. बगळ्यानं काहीतरी केलंच असेल.

तो ठरलेला गुरुवार उजाडला. थंडीचे दिवस, अवरेकाळूचा मोसम. अवरेकाळू म्हणजे आपले पावटे हो, पण इथं त्या दिवसांत गाव त्यांच्या वासानं वेडं होतं. मी दारात शेंगा सोलत बसले होते. वाऱ्यासाठी. जिन्यावर चपला वाजल्या. बघते तर पद्माकर कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात केळीच्या पानाची पुडी. गांधी बझारची शेवंती, वासावरून मी ओळखली. माझ्या हातातली शेंग गळून पडली.

घंटी. दोन पावलं मागे. दार उघडलं.

"बऱ्या आहात ना?"

"बरं काय, पद्माकरराव! हे काय पाठवलंत पिशवीतून?"

"काय?"

"ते बगळ्याचं! डोकं भणभणलं माझं. अहो, ही माणसं आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात. पहिल्याच पानावर तो बगळा त्या मुलीला तिच्या नावानं हाक मारतो. पुलावर, भर पावसात. मला वाटलं, चला, छान. पुढे बघते तर एकेक पान उलटावं तसं दोघं लांब लांब! आधी हात सुटतो, मग बोलणं थांबतं, आणि शेवटच्या पानावर तर तो तिला ओळखतसुद्धा नाही. ती छत्री घेऊन समोर उभी, आणि हा विचारतो, तुम्ही कोण?"

"अरेरे," पद्माकर म्हणाला. पुडीचा हात पाठीमागे गेला.

"अरेरे काय! त्याचीच चूक. गप्प होता तोवर सगळं बरं होतं. नाव घ्यायला गेला आणि होती ती ओळखही घालवून बसला. मी तर म्हणते, शहाण्या माणसानं या वयात... म्हणजे कुठल्याही वयात, जसं चाललंय तसं चालू द्यावं. तुम्हाला काय वाटतं?"

आता हा प्रश्न तिनं कुणाला विचारला, का विचारला, ते देवाला ठाऊक. पण पद्माकरचं तोंड मला दिसत होतं. परीक्षेला बसायच्या आधीच निकाल लागलेल्या मुलासारखं झालं होतं.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. पिशवी दिली. दार लागलं. मग तो माझ्याकडे वळला आणि पुडी पुढे केली.

"अक्का, देवाला घाला."

"माझ्या देवाला शेवंती? आजवर कधी बेलाचं पान आणलं नाहीस ते?"

"घाला हो."

"झालं काय, ते तर सांग!"

"छत्रीवालीचं मोडलं," एवढं बोलून तो खाली उतरला. वळणावर थांबला नाही, की चष्मा पुसला नाही. तिथं मला खरी काळजी वाटली.

नयनाकडची पिशवी ठरल्याप्रमाणे माझ्याकडे येते. त्या गुरुवारी संध्याकाळी तिनं ती आणून दिली. "तो बगळा वाचा म्हणजे कळेल," म्हणाली. मी दोन पानं चाळली आणि राशिभविष्याकडे वळले. राशिभविष्य सगळे वाचतात. कबूल मी एकटीच करते.

रविवारी दुपारी माझ्या दारात शमिका उभी, मागे पद्माकर, पकडलेल्या चोरासारखा.

"आजी, सॉरी हं, माझा नाइन्थ वॉल्यूम तुमच्याकडे आलाय का? काकानं दिवाळी अंकात पाठवून दिला! मी किती दिवस शोधतेय. त्यात तो फायनली तिला ओळखतो, तो सीन मला पुन्हा वाचायचाय."

पद्माकर पुढे आला.

"ओळखतो?" त्यानं विचारलं. "ओळखत नाही ना शेवटी?"

"शेवटी? काका, शेवटी तो तिचं नाव घेतो. पुलावर."

"ते पहिलं पान आहे."

"लास्ट पान आहे!" मी पिशवीतून काढलेलं पुस्तक तिनं माझ्या हातातून घेतलं आणि उजवीकडून उघडून त्याच्यापुढे धरलं. "हे असं वाचायचं. इकडून तिकडे. एट्थ वॉल्यूममध्ये त्याची मेमरी गेलीय, म्हणून सुरुवातीला तो विचारतो, तुम्ही कोण. मग हळूहळू, हळूहळू. ती रोज त्याच्या दारात येऊन छत्री ठेवून जाते, काही न बोलता. आणि मग एंडला तो नाव घेतो."

"म्हणजे," पद्माकरनं एकेक शब्द तपासत विचारलं, "नाव घेतल्यानं ओळख जात नाही?"

"नाव घेतो म्हणून तर परत येते! असं कुणी सांगितलं तुला?"

पद्माकर माझ्या खुर्चीत बसला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पुस्तक उजवीकडून उघडलं आणि वाचायला लागला. मी खालच्या वादिराजच्या दुकानातल्या पावडरीचं ताजं डिकॉक्शन काढून कॉफी दिली. तिच्यावर साय धरली तरी याचं लक्ष नाही. बोट ठेवून एकेक चित्र. शमिका माझ्याशेजारी बसून शेंगा सोलायला लागली. मधूनच माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, काका रडतोय का?"

"तपासतोय," मी म्हटलं. "गप्प बस."

शेवटचं पान संपलं. मग तो पुन्हा पहिल्या पानावर गेला आणि सगळं परत एकदा बघितलं. खात्री पटल्यावर उठला, पुस्तक घेतलं, आणि समोरच्या दाराची घंटी वाजवली. त्या दिवशी तो मागे सरकला नाही.

नयनानं दार उघडलं. "आज? आज काय गुरुवार आहे?"

"नयनाबाई, तुमच्याकडून एक चूक झाली आहे."

माझ्या अंगावर काटा आला. शमिकाला काय कळणार! नयना पोतनीसला चूक सांगणं म्हणजे काय, ते तिच्या शाळेतल्या हेडमास्तरांना विचारा. लग्नाचं विचारणं त्यापुढे काहीच नाही.

"माझ्याकडून?"

"हो. तुम्ही पुस्तक उलटं वाचलंत. हे उजवीकडून आहे. बगळा आधी विसरतो. नाव नंतर घेतो."

नयना म्हणाली, "दाखवा."

"हे बघा. इथून."

"इथं अंधार आहे. आत या."

आत या! इतक्या गुरुवारांत जे झालं नाही ते एका रविवारी झालं. पद्माकर उंबऱ्यापाशी अडखळला, चपला काढल्या, एक सरळ पडली, एक उलटी, आणि आत गेला. दार लावायचं कुणालाच सुचलं नाही. वारा छान येत होता.

मग ते वाचायला बसले. मोठ्यानं! नयनाचं म्हणणं पडलं, की संवाद नीट लावायचे तर दोन माणसं हवीत. ती छत्रीवाली आणि हा बगळा. बगळ्याचं इंग्रजी निपाणीच्या वळणाचं. छत्रीवाली दर वाक्याला थांबवून उच्चार सुधारायची.

"प्रिन्स म्हणा. पिरिन्स नाही."

"सरी, सरी, बरं. पुढचं वाचा."

"आता कळतंय हो. इथं ती विचारते आणि इथं तो सांगतो. मी म्हणतच होते, ही बाई एवढी मूर्ख कशी!"

"मूर्ख नाही ती. धीराची आहे. रोज दारात येते ना."

"येते, पण तोंडानं काही बोलत नाही! येऊन उभी राहते नि निघून जाते. समोरच्यानं काय समजायचं?"

बगळ्यानं पान उलटलं. शमिकानं हळूच फोन काढला, तो मी तिच्या हातातून घेऊन पावट्यांच्या टोपलीत पुरला. काही गोष्टी कानांनीच साठवायच्या असतात.

पानं उलटत गेली. उजवीकडून डावीकडे. दोघांचे आवाज हळू होत होत इतके हळू झाले, की मला खुर्ची दारापर्यंत सरकवावी लागली. मग एकदम शांतता.

"वाचा की," नयना म्हणाली. "तुमचं वाक्य आहे."

"वाक्य नाही. नुसतं नाव आहे."

"मग घ्या."

शमिकानं माझा दंड घट्ट धरला. मी मनात म्हटलं, पद्माकर, आता तपासत बसलास तर मी स्वतः तुला पुण्याच्या गाडीत बसवीन.

"नयना," तो म्हणाला. बाई नाही, काही नाही. नुसतं नयना.

खाली कुणाची तरी रिक्षा सुरू होऊन निघून गेली. मग नयनाचा आवाज आला, वर्गातला नव्हे, मी कधी न ऐकलेला.

"तिथं ते छापलेलं नाही."

"माहीत आहे. मला संक्रांतीनंतर इथंच राहायचंय. तुमची हरकत नसेल तर."

"माझी कशाला हरकत?" मग थोडं थांबून, "स्वल्प बसा. कॉफी ठेवते. आणि पुढचा भाग कधी येणार आहे, ते त्या मुलीला विचारा. ती आणि अक्का दारातच बसल्यात, कान लावून."

मी लगेच मोठ्यानं पावट्यांना भाव जास्त असल्याचं सांगायला लागले.

संक्रांतीला आशय आला. खोकी घेऊन आला, चिकटपट्टी घेऊन आला. बापानं त्याला तिळगूळ दिला, जेवायला घातलं, आणि सांगितलं की मी येत नाही, दहावा भाग यायचा आहे. पोरगं बिचारं माझ्याकडे धावत आलं. "अक्का, बाबांना काय झालंय? कसला दहावा भाग?" मी त्याला बसवला, आणि सगळं पहिल्यापासून, उजवीकडून, नीट सांगितलं. ऐकून त्यानं हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. मग हसला. परत जाताना समोरच्या दाराशी वाकून नयनाला नमस्कार करून गेला आणि आपला पत्ता ठेवून गेला. खोकी माझ्या माळ्यावर आहेत, कुणाला हवी असतील तर न्या.

लग्नबिग्न काही झालेलं नाही, तेवढं विचारू नका. पिशवी फिरते त्या घरांत सगळे मला तेच विचारतात. तो हनुमंतनगरला राहतो, ती इथं. पण स्कूटर आता गुरुवारची वाट बघत नाही. शमिकानं पहिले आठही भाग आणून दिलेत, आणि दोघं सुरुवातीपासून वाचताहेत. मोठ्यानं. नयनानं नियमांत एक नवा घातलाय, की पुस्तक जिकडून सुरू होतं तिकडूनच वाचावं.

माझं मात्र नुकसान झालं. शाप त्या बगळ्याला कुणी दिला, ते मला अजून कळलेलं नाही. पिशवीतून ते भाग येत नाहीत, आणि ऐकावं म्हटलं, तर पद्माकर आत गेला की नयना हल्ली दार लावून घेते.

म्हणते, वारा फार येतो.